लॉबीतला नाताळ : पॅकेज घ्यायचं की आपण करायचं?

सेक्रेटरी काका, ए-१०१
सर्वांना नमस्कार 🙏 मुलांच्या आग्रहावरून या वर्षी सोसायटीत नाताळ करायचं ठरतंय. एका डेकोरेशनवाल्याने पॅकेज दिलंय. लॉबीत तयार झाड, दिव्यांच्या माळा, सांताच्या वेशातला माणूस दोन तास आणि प्रत्येक मुलाला कुकीजचा डबा. घरटी वर्गणी काढावी लागेल. रविवारपर्यंत हो-नाही कळवा.

ए-४०२ दादा
काका, माझा होकार. सगळे नोकरीवाले आहोत, वेळ कोणाला आहे? एकदा पैसे दिले की काम झालं.

सी-३०३ वहिनी
कुकीजमध्ये अंडं असेल का? आमच्या मजल्यावर दोन जैन कुटुंबं आहेत. त्यांची मुलं बाजूला राहायला नकोत.

ए-२०२ ताई
मागे एका कार्यक्रमात असेच डबे आले होते. मुलांनी वरची साखरेची फुलं खाल्ली आणि बाकीचं तसंच टाकलं.

बी-२०४ काकू
काका, जरा मोठं लिहिते, वाचा सगळ्यांनी.

आपल्या सोसायटीत नाताळ करायचं तुमच्या मनात आलं, याचा मला खरंच फार आनंद झाला. पण पॅकेज नको. नाताळची सगळी मजा आधीच्या पंधरा-वीस दिवसांत असते. ते दिवसच काढून टाकले तर मुलांच्या हाती काय उरणार? सांतासोबतचा एक फोटो.

माझं माहेर नगरचं. आमच्याकडे नाताळ म्हणजे आधी घराला रंग, मग चांदणी, मग फराळ. हो, फराळच. करंज्या, चकल्या, शंकरपाळे, अनारसे, सगळं दिवाळीसारखं. त्याच्या जोडीला नानकटाई आणि केक. तेव्हा घरात ओव्हन कुठला? आई पीठ, तूप, साखर घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायची. तिथल्या ओट्यावर आम्ही पोरं नानकटाईचे गोळे वळायचो आणि पत्र्यावर मांडायचो. प्रत्येक घराच्या पत्र्यावर नावाची चिठ्ठी. आपला पत्रा भट्टीतून कधी बाहेर येतो याची वाट बघत बसायचं. घरी आल्यावर त्या वासाच्या डब्याला नाताळपर्यंत हात लावायचा नाही. पहिली ताटं भरायची ती शेजारच्यांची. दिवाळीत त्यांच्याकडून आलेलं असायचं ना!

सजावटही तशीच. चांदणी बाबा करायचे, आम्ही कागद चिकटवायचो. गव्हाणीला गवत आणणं हे धाकट्यांचं काम. संध्याकाळी पेटी-तबला घेऊन मंडळी घरोघर नाताळची गाणी म्हणत यायची. त्यांच्यासाठी चहा आणि चकली तयार ठेवावी लागे.

इथे बडोद्यात लग्न होऊन आल्यापासून मी हे सगळं माझ्या दोन खोल्यांत करत आले. तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे माझं ताट येतं. या वर्षी ते लॉबीत, सगळ्या मुलांच्या हातून व्हावं असं मनापासून वाटतं. शिकवायला मी आहे.

बी-१०३ ताई (शिक्षिका)
काकू, किती छान लिहिलंत. माझा पूर्ण पाठिंबा. चांदणीचं काम माझ्याकडे द्या. गणित शिकवते म्हणून सांगते, कागदी चांदणीचं आणि भूमितीचं जुनं नातं आहे. जर्मनीत मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या शाळांत एकोणिसाव्या शतकात भूमितीच्या तासाला मुलांकडून अनेक टोकांच्या चांदण्या करून घ्यायचे. त्या पुढे हेर्नहूट गावाच्या नावाने जगभर गेल्या. आपली साधी पाच टोकांचीच करू. आठवीच्या मुलाला चांदणीच्या टोकाचा छत्तीस अंशांचा कोन वहीपेक्षा बांबूच्या कामटीवर लवकर कळतो.

बी-५०१
कोणाला दुखवायचं नाही, पण स्पष्ट विचारतो. गणपती, नवरात्र, दिवाळी, कोजागिरी सगळं मंडळ करतंच. आता नाताळही? आपला सण नाही तो. आपल्याच मुलांना चैत्रगौर म्हणजे काय ते माहीत नाही.

सी-१०१ आजोबा
तुमचं चैत्रगौरीचं म्हणणं मला पटतं, चैत्रात आपण ती जरूर मांडू. पण नाताळ बडोद्याला नवीन नाही. फत्तेगंजला इंग्रजांची छावणी होती, जुनी माणसं अजून त्या भागाला कॅम्प म्हणतात. कलकत्त्याचे इंग्रज बिशप रेजिनल्ड हेबर १८२५ मध्ये बडोद्याला आले होते. आपल्यातल्या कित्येकांचं शिक्षण मिशनऱ्यांच्या शाळांत झालंय. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बी-२०४ आपलंच घर आहे. गणपतीच्या आरतीच्या प्रसादाला त्यांच्या घरचा शिरा असतो, तो आपण खातो. त्यांच्या घरचा सण तो आपल्या सोसायटीचा सण, मी तरी असंच मानतो.

बी-५०१
आजोबा, हे मान्य. काकूंच्या घरचा म्हणून करायचं असेल तर माझी हरकत नाही. माझी मुलगी येईल.

बी-२०४ काकू
तिला नक्की पाठवा, भाऊ. गव्हाणीची जबाबदारी तिलाच देते.

ए-४०२ दादा
पण काकू, झाडाचं काय? तयार झाड निदान दिसतं तरी भारी.

सी-१०१ आजोबा
फाटकाजवळ दोन आसोपालव उभे आहेत. वर निमुळते, खाली पसरट, नाताळच्या झाडाला आणखी काय लागतं? नर्सरीत कुंडीतलं जे झाड ख्रिसमस ट्री म्हणून विकतात ते बहुतेक अरोकेरिया असतं, मूळचं दक्षिण गोलार्धातलं. जर्मनीत वापरतात ते स्प्रूस नाहीतर फर. म्हणजे जिथे जे झाड हाताशी होतं ते लोकांनी सजवलं. आपण आसोपालव सजवू.

वीज मंडळात आयुष्य गेलं म्हणून माळांबद्दल माझं ऐका. माळा एलईडीच्याच, आणि बाहेर वापरायच्या म्हणून लिहिलेल्या. डिसेंबरात पहाटे दव पडतं, उघडा जोड चालणार नाही. एका एक्स्टेन्शनला दुसरं एक्स्टेन्शन जोडायचं नाही. लोखंडी रेलिंगवर वायर आवळून बांधायची नाही. झाडाला खिळा ठोकायचा नाही, सुतळीने सैल बांधा. रात्री दहाला माळा बंद, झाडावर पाखरं असतात. आणि कापसाचा बर्फ करायचा असेल तर तो दिव्यांपासून आणि मेणबत्तीपासून लांब. कापूस किती पटकन पेटतो हे सांगायला नको.

बी-१०३ ताई (शिक्षिका)
झाडावर टांगायला घोटीव कागदाच्या साखळ्या, रंगवलेले अक्रोड आणि संत्र्याच्या वाळवलेल्या चकत्या करू. आता बाजारात संत्री आलीत. पातळ चकत्या कापून मंद आचेवर वाळवल्या की उजेडात काचेसारख्या दिसतात.

सी-३०३ वहिनी
गव्हाण म्हणजे नेमकं काय करायचं, काकू? आम्हाला फक्त चित्रातलं माहीत आहे.

बी-२०४ काकू
येशूचा जन्म गोठ्यात झाला, बाळाला गव्हाणीत ठेवलं, तो देखावा. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावात तो पहिल्यांदा मांडला असं सांगतात. खरा बैल, खरं गाढव आणि गवत घेऊन. आपण मातीचं करू. दिवाळीच्या किल्ल्याची माती जिन्याखाली पोत्यात आहे ना? तीच. किल्ल्यावर अळीव पेरतो तसे आठ-दहा दिवस आधी पेरायचे म्हणजे गोठ्याभोवती हिरवळ येते. फ्रान्समध्ये प्रोव्हान्स भागात याच कारणासाठी ४ डिसेंबरला गहू भिजत घालतात. मावळे, तोफा मात्र काढून ठेवा. मेंढ्या आणि मेंढपाळ मुलं शाडूचे करतील.

दोन गोष्टी आमच्याकडे पाळतात. बाळ आधी ठेवायचं नाही, २४ तारखेच्या रात्रीच ठेवायचं. आणि बाळाला भेटायला पूर्वेकडून येणारे तीन मागी राजे सुरुवातीला लांब, लॉबीच्या दाराशी. रोज मुलांनी त्यांना थोडं पुढे सरकवायचं. ते ६ जानेवारीला पोहोचतात. तोपर्यंत सजावट काढायची नाही. बारकी मुलं रोज सकाळी शाळेला जाताना आधी राजे कुठवर आलेत ते बघतात, माझ्या घरी हे मी अनुभवलंय.

ए-२०२ ताई
किती सुंदर! आता खाण्याचं बोलूया. माझ्याकडे ओव्हन आहे, पण कुकीज कधी केल्या नाहीत.

बी-२०४ काकू
दोन प्रकार करू. एक नानकटाई, कारण ती इथली आहे. सुरतेला डचांची वखार होती, त्यांच्या भट्टीचं काम पुढे दोटीवाला या पारशी कुटुंबाकडे गेलं आणि नानकटाई तिथलीच असं मानतात. तेव्हा गुजरातेत राहून नाताळला नानकटाई नाही हे बरोबर दिसणार नाही. दुसरा प्रकार सुंठ-गुळाची बिस्किटं, युरोपात जिंजरब्रेड म्हणतात त्या धर्तीची. माणसाच्या, चांदणीच्या, झाडाच्या आकाराची. मुलांना लाटायला आणि कापायला हीच हवीत.

नानकटाई : मैदा दीड वाटी, बेसन अर्धी, पिठीसाखर पाऊण, तूप पाऊणच्या आसपास, चिमूटभर सोडा, वेलची-जायफळ. आता थंडीत तूप आपसूक थिजतं, तसंच घ्यायचं, पातळ करायचं नाही. तूप आणि साखर हाताने फेसून पांढरं हलकं झालं की मगच पीठ. इथे घाई केली तर नानकटाई दगड होते. पाणी, दूध अजिबात नाही. गोळा चिरत असेल तर चमचाभर तूप अजून. १७० अंशांवर पंधरा मिनिटांच्या आसपास. वर भेगा पडल्या की झाली.

सुंठीची बिस्किटं : मैदा आणि कणीक मिळून दोन वाट्या, चिरलेला गूळ पाऊण वाटी, लोणी अर्धी वाटी, सुंठ दोन चहाचे चमचे, दालचिनी एक, लवंगेची पूड चिमूटभर, सोडा अर्धा चमचा, लागलं तर दोन-तीन चमचे दूध. गूळ आणि लोणी मंद आचेवर विरघळवून पूर्ण गार करायचं, मग पिठात. गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये. हे विसरू नका, नाहीतर लाटताना चिकटतो आणि भाजताना आकार पसरतो. करंजीच्या पारीपेक्षा जाड लाटायचं. जाडी सगळीकडे सारखी हवी, पातळ कडा आधी करपते. दहा-बारा मिनिटं. बाहेर काढल्यावर मऊच लागतात, गार झाल्यावर कडक होतात, म्हणून पुन्हा आत ढकलू नका.

ओव्हन नसेल त्यांनी कढईत मीठ पसरून, वर स्टँड ठेवून, झाकण लावून दहा मिनिटं तापू द्यायची. मग ताटली आत, आच मंद, वीस-पंचवीस मिनिटं. माझं कितीतरी वर्षं असंच चाललं.

सी-३०३ वहिनी
म्हणजे दोन्हींत अंडं नाही. पण आलं? जैन घरात आलं चालत नाही.

बी-२०४ काकू
ओलं आलं चालत नाही, सुंठ बहुतेकांना चालते. तरी तुम्ही त्या बेनना आधी विचारा. त्या नको म्हणाल्या तर त्यांच्यासाठी नानकटाईचा वेगळा पत्रा, वेगळी भांडी. वर नक्षी काढायला साखरेचं आयसिंग लागतं, त्यात बाहेर अंड्याचा पांढरा भाग घालतात. आपण पिठीसाखर, थोडं दूध आणि लिंबाचे थेंब. घट्ट ठेवायचं, मेंदीच्या कोनात भरून मुलं छान रेघा काढतात. रंगासाठी बीटाचा रस घालणार होते, पण कंद म्हणून तोही जैनांना नको. केशर आणि पालक घेऊ.

ए-४०२ दादा
काकू, तुमचं वाचून मुलगा आत्ताच लाटणं घेऊन बसलाय. माझा पॅकेजचा होकार मागे घेतो. पण रोजचा वेळ खरंच नाही.

बी-२०४ काकू
रोज नकोच. येणारे दोन रविवार सकाळी सजावट आणि गव्हाण, भाजकाम नाताळच्या आदल्या रविवारी. ही बिस्किटं घट्ट झाकणाच्या डब्यात आठ-दहा दिवस सहज टिकतात, सुंठीची तर दोन दिवसांनी जास्त चांगली लागतात. डबे मात्र पूर्ण गार झाल्यावर भरा. एक विनंती आहे. पहिले डबे वॉचमनच्या घरी, सफाईवाल्या मावशींकडे आणि ज्यांच्याकडे लहान मुलं नाहीत अशा घरी जाऊ देत. मुलांनी स्वतः जाऊन द्यायचे.

ए-२०२ ताई
माझा ओव्हन त्या दिवशी सगळ्यांसाठी खुला. पत्र्यांवर घराच्या चिठ्ठ्या लावू, काकूंच्या नगरसारख्या.

सेक्रेटरी काका, ए-१०१
पॅकेजवाल्याला नको म्हणून कळवतो. मैदा, तूप, गुळाचा आणि माळांचा खर्च मंडळाच्या शिलकीतून होईल, वर्गणी नाही. ताई, चांदण्यांचं सामान कुठून?

बी-१०३ ताई (शिक्षिका)
काका, उत्तरायण जवळ आलंय. मांडवी-गेंडीगेटला पतंगवाल्यांकडे कामट्या आणि पतंगी कागद दोन्ही मिळतील, या दिवसांत त्यासाठी आपल्या गावासारखं गाव नाही. पाच कामट्यांची एक सपाट चांदणी, अशा दोन. टोकं एकमेकींना बांधायची आणि मधल्या पाच कोपऱ्यांत छोट्या कामट्या आडव्या खोवायच्या, म्हणजे चांदणी फुगते. वरून खळीने कागद, आत छोटा एलईडी.

ए-४०२ दादा
मी शनिवारी मांडवीला जातोच आहे. किती आणू?

बी-१०३ ताई (शिक्षिका)
एका चांदणीला दहा लांब, पाच छोट्या. प्रत्येक विंगला एक आणि फाटकावर एक मोठी धरा. थोड्या जास्तच आणा, मुलांच्या हातून बांधताना मोडतात. कागद लाल, पिवळा आणि पांढरा.