शब्दचर्चा: समुद्राची 'स्थिती', 'आरोग्य' की 'प्रकृती'?

पाणकावळा
नमस्कार मंडळी. मी फिनलंडमध्ये तुर्कूला राहतो. एका दिवाळी अंकासाठी बाल्टिक समुद्रावर लेख लिहितोय आणि भाषांतरात अडलोय. बाल्टिकच्या काठचे नऊ देश आणि युरोपीय संघ मिळून 'हेलकॉम' नावाची संस्था चालवतात. १९७४ च्या हेलसिंकी करारातून ती आली. अधूनमधून ती सबंध समुद्राची एकत्र तपासणी करते. तिसरा मोठा अहवाल २०२३ मध्ये आला, २०१६ ते २०२१ या काळाचा. त्यातले रीजनल सी, असेसमेंट, एन्व्हायर्नमेंटल स्टेटस, यूट्रोफिकेशन आणि प्रोटेक्शन हे शब्द मी अनुक्रमे प्रादेशिक समुद्र, मूल्यांकन, पर्यावरणीय स्थिती, सुपोषण आणि संरक्षण असे केले. (यूट्रोफिकेशन म्हणजे खतामुळे पाण्यात शेवाळं-जिवाणू बेसुमार वाढणं.) संपादकबाईंनी सगळ्यांखाली रेघा ओढून समासात लिहिलंय, 'हे कोणी वाचणार आहे का?' सुचवा काहीतरी.

कोशकीटक
'प्रादेशिक समुद्र' सगळ्यात आधी काढा. कायद्याच्या भाषेत तो शब्द टेरिटोरियल सीला दिलेला आहे. किनाऱ्याच्या आधाररेषेपासून बारा सागरी मैलांचा पट्टा, ज्यावर त्या देशाची पूर्ण सत्ता असते. आपल्याकडे १९७६ च्या कायद्याने तो आखला. तुम्हाला सांगायचंय नेमकं उलटं: कुणा एकाच्या हद्दीत न मावणारा समुद्र. वाचकाला वाटेल की बाल्टिकवर कोणाचातरी हक्कच आहे.

'रीजनल' हा शब्द संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने १९७४ पासून रूढ केला. महासागर एका बैठकीत कोणी वाचवू शकत नाही, पण एका खोलगट भागाभोवतीचे शेजारी एकत्र बसू शकतात, एवढी त्यामागची साधी कल्पना. भूमध्य समुद्राचा बार्सिलोना करार १९७६ चा. दक्षिण आशियाई समुद्रांचा आराखडासुद्धा आहे बरं का. १९९५ साली दिल्लीत भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका आणि मालदीव यांनी तो मान्य केला; कचेरी कोलंबोत. आपल्या वर्तमानपत्रांत त्याचं नाव कधी वाचलंत?

वेसावकर
सामाईक समुद्र म्हणा की. सातबाऱ्यावर सामाईक विहीर असते, तसा. पाणी सगळ्यांचं आणि गाळ काढायची वेळ आली की कुणाचंच नाही.

शास्त्रीबुवा
शुद्ध रूप 'सामायिक'. 'सामाईक' बोलीत ठीक. पण माझी शंका अर्थाची आहे. सामायिक म्हटलं की हिस्से आले, आणि हिस्से म्हणजे मालकी. समुद्राच्या मधल्या पाण्यात कुणाचाच हिस्सा नसेल तर?

पाणकावळा
शास्त्रीबुवा, बाल्टिकमध्ये असं 'कुणाचंच नाही' पाणी उरलेलंच नाही. समुद्र जेमतेम सव्वाचार लाख चौरस किलोमीटर, सरासरी खोली पन्नास-पंचावन्न मीटर. सगळा कोणा ना कोणाच्या आर्थिक क्षेत्रात, म्हणजे मासेमारी-खनिजांचा हक्क त्या देशाकडे असलेल्या पट्ट्यात, वाटला गेलाय. उलट जमिनीचं बघा: त्यात उतरणाऱ्या नद्यांचं खोरं समुद्राच्या चौपट आहे आणि ते चौदा देशांत पसरलंय. झेक प्रजासत्ताकाला बाल्टिकचा किनारा नाही, पण तिथल्या शेतातलं खत ओडर नदीतून इथे येतं. 'सामाईक' मला पटला. दीर्घ ई ठेवतो, रागावू नका.

नमुनेदार
आता 'स्थिती'. मी किनारपट्टीवर पाण्याचे नमुने घेण्याचं काम बरीच वर्षं केलंय, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

आपल्याकडे समुद्राच्या पाण्याची जी सरकारी मोजपट्टी आहे ती 'स्थिती' विचारतच नाही. ती विचारते, हे पाणी कशासाठी वापरायचंय? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे पाच वर्ग आहेत, एसडब्ल्यू-१ ते एसडब्ल्यू-५. पहिला मिठागरं, शिंपल्या आणि नाजूक परिसंस्थांसाठी, दुसरा पोहणं आणि व्यापारी मासेमारीसाठी, चौथा बंदरांच्या पाण्यासाठी. दुसऱ्या वर्गाला विरघळलेला प्राणवायू लिटरमागे निदान ४ मिलिग्रॅम लागतो आणि १०० मिलिलिटरमध्ये विष्ठेतले जिवाणू शंभरापर्यंत चालतात. चौथ्या वर्गाच्या अटी सैल. म्हणजे बंदराचं पाणी बंदरापुरतं बरं असलं की पास. त्या पाण्यात आधी काय जगत होतं, हा प्रश्न त्या तक्त्यात कुठेच येत नाही. याला 'गुणवत्ता' म्हणतात आणि तो शब्द योग्यच आहे, कारण माल ज्या कामाचा त्या कामापुरती त्याची गुणवत्ता.

युरोपच्या २००८ च्या सागरी निर्देशातलं 'गुड एन्व्हायर्नमेंटल स्टेटस' वेगळं विचारतं: हा समुद्र त्याच्या स्वतःच्या ठेवणीपासून किती ढळलाय? त्याला 'गुणवत्ता' म्हणून चालणार नाही. 'स्थिती' चूक नाही, पण तो हवामान खात्याचा शब्द वाटतो. आज अशी आहे, उद्या तशी असेल. माझं मत 'प्रकृती'ला.

कोशकीटक
'प्रकृती' म्हटलं की निसर्ग समजतील.

नमुनेदार
हिंदीत समजतील. मराठीत आपण आजीला 'प्रकृती कशी आहे?' विचारतो तेव्हा निसर्गाबद्दल विचारत नसतो. शिवाय 'त्याची प्रकृतीच तशी' यातला घडणीचा अर्थही मराठीत जिवंत आहे. इथे दोन्ही अर्थ हवेत. बाल्टिकचंच बघा. मध्य भागात वरच्या पाण्याचा खारटपणा हजार भागांत सहा ते आठ, म्हणजे महासागराच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास. तिथले शिनाणे (शिंपल्यांचा एक प्रकार) उत्तर समुद्रातल्या शिनाण्यांपेक्षा खूप लहान राहतात. ते आजारी नाहीत, मीठ कमी आहे म्हणून तसे आहेत. ती बाल्टिकची प्रकृती, बिघाड नव्हे.

आणि अरबी समुद्र. दीडशे ते हजार मीटरच्या दरम्यान आपल्याकडे प्राणवायू जवळजवळ नसलेला जगातल्या सर्वांत जाड थरांपैकी एक थर आहे. पावसाळ्यात तळचं पाणी वर सरकतं, सप्टेंबर-ऑक्टोबरात ते गोव्याच्या किनाऱ्यालगत येतं, आणि वर पावसाचं गोडं पाणी झाकणासारखं बसल्यामुळे हवा आत जात नाही. दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची माणसं कांदोळीसमोर १९९७ पासून हे मोजताहेत. तिथल्या सप्टेंबरच्या नमुन्यावर बाल्टिकची पट्टी लावली तर निकाल 'अत्यवस्थ' येईल. तो तसा लावायचा नसतो. त्यातला निसर्गाचा भाग किती आणि आपल्या सांडपाण्या-खताने वाढवलेला किती, हे वेगळं काढायला वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात. समुद्राची प्रकृती माहीत असल्याशिवाय बिघाड ओळखता येत नाही. वैद्य हेच सांगतात, मी नवीन काही सांगत नाहीये.

शास्त्रीबुवा
'प्रकृती' मान्य. आम्ही सहसा इतक्या लवकर मान्य करत नाही, नोंद व्हावी.

रानवारा
पण मग 'समुद्राचं आरोग्य' का नको? वर्तमानपत्रात तेच येतं.

नमुनेदार
'आरोग्य' म्हणजे रोग नसणं. त्यात 'कसं आहे?' हा प्रश्न नीट मावत नाही. मथळ्यात चालेल, तक्त्यात नको.

पाणकावळा
सुपोषणाचं काय करू? संपादकबाईंच्या सगळ्यात जाड दोन रेघा त्याच्याखाली आहेत.

रानवारा
मारायलाच हव्यात! अंगणवाडीच्या भिंतीवर 'सुपोषित बालक' लिहिलेलं असतं. तुमच्या लेखात समुद्र सुपोषित झाला म्हणून मासे मेले असं येणार.

कोशकीटक
हा शब्द हिंदी पाठ्यपुस्तकांतून आपल्याकडे झिरपलेला दिसतो. मूळ ग्रीक शब्दातल्या 'यू'चा अर्थ 'चांगलं', त्याचं शब्दशः 'सु' केलं, आणि शब्द बरोबर विरुद्ध बाजूला जाऊन पडला. पाणकावळा, तुमच्याकडे फिनिश आणि स्वीडिश लोक काय म्हणतात?

पाणकावळा
दोघांचे शब्द अगदी वेगळे. फिनिशमध्ये 'रेहेवोइत्युमिनेन', म्हणजे हिरवंगार, घनदाट होत जाणं. स्वीडिशमध्ये 'ओवरयोडनिंग', सरळ 'अतिखत घालणं'. फिनिश शब्द दिसतं ते सांगतो, स्वीडिश शब्द कोणी केलं ते सांगतो. शेतकरी संघटनांना कुठला आवडत नसेल ते ओळखा.

दिसतं ते असं: जुलै-ऑगस्टमध्ये वारा पडला की निळ्याहिरव्या जिवाणूंची साय पाण्यावर धरते. किनाऱ्यावर 'पोहू नका'च्या पाट्या लागतात, कुत्र्यांना पाण्यापासून लांब ठेवतात. ती साय मरून तळाला जाते, कुजताना तळचा प्राणवायू खाते. प्राणवायू संपला की तळच्या गाळात बांधलेला फॉस्फरस सुटून पुन्हा पाण्यात येतो आणि पुढच्या उन्हाळ्याची साय त्यावर पोसली जाते. म्हणून नद्यांतून येणारं खत कमी होऊनही समुद्र पटकन सुधारत नाही. पाणी पूर्ण बदलायला इथे तीसेक वर्षं लागतात, कारण बाहेरचं पाणी येण्याचा रस्ता डेन्मार्कजवळच्या अरुंद, उथळ सामुद्रधुनींतूनच.

वेसावकर
मग 'माजणं' काय वाईट आहे? तण माजतं, रान माजतं. पाणी माजलं. आमच्याकडे कोणी विचारणार नाही म्हणजे काय म्हणून.

रानवारा
'खतावणं' सुचवणार होते, पण ते खतावणीत नोंद करणं होईल. तेही समुद्रात कोणी करत नाही म्हणा.

शास्त्रीबुवा
शास्त्रीय लेखाला 'माज' चालेल? 'अतिपोषण' तटस्थ आहे, कोशातही बसेल.

पाणकावळा
पहिल्यांदा 'अतिपोषण, म्हणजे खताने पाणी माजणं' आणि पुढे सगळीकडे 'अतिपोषण'. अहवालात हाच सगळ्यात मोठा आजार आहे: बाल्टिकचं ९० टक्क्यांहून अधिक क्षेत्र या कसोटीवर नापास.

खरीपवाला
हा नापास-पास कोण ठरवतं? सरासरी काढतात का? मी शेतकरी, म्हणून विचारतो. आमची आणेवारी तहसीलदार जाहीर करतात. आता पैसेवारी म्हणायचं, पण तोंडात आणेवारीच आहे. गावाचं पीक त्या भागाच्या प्रमाण उत्पन्नाच्या पन्नास पैशांखाली गेलं तर दुष्काळी सवलती. सगळी भांडणं त्या 'प्रमाण उत्पन्ना'वर. ते जेवढं धराल तसा दुष्काळ.

पाणकावळा
खरीपवाले, तुम्ही वर्मावर बोट ठेवलंत. इथेही अगदी तेच आहे. समुद्राच्या प्रत्येक उपभागाला वेगळा उंबरठा. फिनलंडच्या आखातात उन्हाळ्यात पांढरी तबकडी पाण्यात सोडतात, ती साडेपाच मीटरपर्यंत दिसली पाहिजे. हे आकडे जुन्या नोंदींवरून आणि गणिती प्रतिरूपांवरून काढतात आणि मग नऊ देशांत त्यावर घासाघीस होते. एकत्र निकाल लावताना तीन गट करतात: पाण्यातलं नत्र-स्फुरद, त्याचे सरळ परिणाम, म्हणजे हरितद्रव्य, पाण्याची पारदर्शकता वगैरे, आणि आडून होणारे परिणाम, म्हणजे तळचा प्राणवायू आणि तळचे जीव. गटाच्या आत सरासरी. पण तीन गटांतला सर्वांत वाईट गट तोच अंतिम निकाल.

खरीपवाला
म्हणजे चांगल्या शेताने वाईट शेत झाकता येत नाही. आमच्याकडे असं असतं तर. 'मूल्यांकन' नको मग, त्यात किंमत लावल्यासारखं वाटतं. 'पाहणी' म्हणा. आणेवारीला पाहणीच म्हणतात.

कोशकीटक
'पाहणी' मोजण्याला, 'निकाल' किंवा 'निर्णय' त्यानंतरच्या भागाला. असेसमेंटमध्ये दोन्ही आहेत. 'प्रकृती-पाहणी' जोडशब्द वाईट नाही. 'आकारणी'च्या वाटेला मात्र जाऊ नका, लोक घरपट्टी शोधतील.

रानवारा
सगळं वाईटच आहे का त्या अहवालात?

पाणकावळा
नाही. पांढऱ्या शेपटीचा समुद्री गरुड आणि करडा सील या दोघांची कहाणी चांगली आहे. डीडीटी या कीटकनाशकामुळे गरुडांच्या अंड्यांची टरफलं पातळ झाली होती, पीसीबी या कारखानी रसायनांमुळे सीलच्या माद्यांचे गर्भाशय बंद होत होते. १९७० च्या दशकात बंदी आली. लगेच काही झालं नाही, दशकं गेली. आता तुर्कूसमोरच्या बेटांवर गरुड सहज दिसतो. एक विष, एक बंदी, असं होतं तिथे काम झालं. खताचं तसं नाही, खत लाखो शेतांतून येतं.

वेसावकर
राहिला 'संरक्षण'. तो शब्द ऐकला की पोलीस बंदोबस्त आठवतो. मालवणला १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झालं, समुद्रात 'अरण्य' कुठून आलं ते एक असो, पण तिथल्या मच्छीमारांना ते आपल्याविरुद्धच वाटलं. दुसऱ्या बाजूला पावसाळी बंदी बघा, १ जून ते ३१ जुलै. तिच्यावरून कुरबुरी होतात, मोडणारेही आहेत, पण नारळी पौर्णिमेपर्यंत होडी काढायची नाही हे आधीपासून अंगात आहे. माझा शब्द 'निगा'. निगा घरचा माणूस राखतो.

शास्त्रीबुवा
'निगा' झाडाची, गुरांची. करारातल्या कलमांना 'निगा' म्हणणार?

वेसावकर
कलमांना नका म्हणू. एक विचारतो पाणकावळा, तुमच्याकडे मासेमारी बंद करून मासा परत आला का?

पाणकावळा
कॉडचं सांगतो. पूर्व बाल्टिकमधल्या कॉडच्या खास मासेमारीवर २०१९ च्या जुलैपासून बंदी आहे. अजून तो सावरलेला नाही. त्याची अंडी तरंगायला विशिष्ट खारटपणाचं पाणी लागतं. तसं पाणी फक्त खोल भागात आहे, आणि प्राणवायू संपतो तोही नेमका तिथेच. २०१४ च्या डिसेंबरात उत्तर समुद्रातून खारं, ताजं पाणी मोठ्या प्रमाणावर आत घुसलं होतं, गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतल्या सर्वांत मोठ्या घटनांपैकी एक. काही काळ तळाला श्वास मिळाला, मग पुन्हा तेच. जाळी थांबवणं हे संरक्षण झालं. पाणी जगण्यासारखं करणं हे दुसरं काम, ते पोलंडच्या शेतात आणि सेंट पीटर्सबर्गच्या गटारांत करावं लागतं. सेंट पीटर्सबर्गला २००५ मध्ये मोठं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र सुरू झालं, त्याचा फिनलंडच्या आखाताला फायदा झाला. त्या दुसऱ्या कामाला 'निगा' वापरतो, पहिल्याला 'संरक्षण' राहू दे.

कोशकीटक
चालेल. फक्त 'निगा राखणे' असं पूर्ण लिहा. नुसतं 'सागरी निगा' केलंत तर उद्या त्या नावाची योजना निघेल.