पाणी शिंपडण्यापेक्षा काढणीची वेळ बघा

पालेभाजी बाजारात पोचेपर्यंत मलूल होते म्हणून वाटेत दर तासाला पाणी शिंपडा आणि पिकांवर शेडनेट (सावलीची जाळी) लावा, असा सल्ला एकाने दिलाय. पाण्याने तजेला येतो हे खरं, पण तो घटकाभराचा. माझ्या मते गडबड वाटेत नाही, काढणीच्या वेळेत आहे. पान शेतात असतानाच तापलेलं असतं आणि ती धग घेऊनच क्रेटमध्ये जातं. काढल्यावरही भाजीचं श्वसन चालूच असतं. तापमान 10 अंशांनी वाढलं की त्याचा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो.

गेल्या उन्हाळ्यात सहज म्हणून क्रेटच्या मधोमध थर्मामीटर खुपसला. सकाळी सहाला काढलेल्या पालकात 23 अंश, साडेनऊला काढलेल्यात 34. वाफा तोच! दुसऱ्या क्रेटमध्ये हात घातला तर चक्क वाफ लागल्यासारखं झालं. संध्याकाळी त्यातली मधली पानं पिवळट पडली होती, वरची मात्र हिरवीगार, त्यामुळे फसायला होतं. तेव्हापासून आदल्या संध्याकाळी वाफ्याला पाणी, उजाडता उजाडता काढणी, लगेच सावली, गार पाण्यात एकदा बुडवून नीट निथळू द्यायचं (निथळणं टाळलं तर सडते) आणि वर ओलं गोणपाट. क्रेट ठासून भरत नाही. शेडनेटचा मुद्दा पटला, पण टोमॅटोला गडद जाळी नको. त्याची फूलगळ रात्रीच्या उकाड्यानेही होते, तिथे जाळी काय करणार?