पिट्झहँगर मॅनरचे खांब नक्की पेलतात काय?

ओसरी:
मंडळी, लंडनच्या ईलिंगमधल्या पिट्झहँगर मॅनरचे फोटो आणि प्लॅन बघतेय सध्या. आर्किटेक्ट जॉन सोनने १८०० साली ही जागा विकत घेतली आणि पुढच्या चारेक वर्षांत स्वतःसाठी घर बांधलं, इथवर ठीक. पण दर्शनी बाजू काही केल्या उलगडत नाहीये. चार भलेमोठे आयोनिक (माथ्याला गुंडाळीसारखी वळणं असलेले) खांब, तेही भिंतीपासून सुटे, वर पेडिमेंट (त्रिकोणी माथा) नाही की पोर्चचं छप्पर नाही, प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक बाई उभी आणि बास! मागचं घर त्या मानाने छोटंसंच. हे फक्त देखाव्यासाठी, की तेव्हाच्या सगळ्या व्हिला, म्हणजे शहराबाहेरची टुमदार घरं, अशाच असायच्या?

विटांचा_थर:
बरोबर पकडलंत, ते खांब पुतळ्यांशिवाय काहीच पेलत नाहीत. रोममधली कॉन्स्टंटाइनची विजयकमान बघा, तिथेही खांब सुटे आणि वर पुतळे, सोनने ती कल्पना थेट घराच्या तोंडावर आणलीय. पुतळे कोड स्टोनचे आहेत, म्हणजे खरा दगड नाहीच, लॅम्बेथला एलेनॉर कोडचा कारखाना होता तिथे साच्यात घालून भट्टीत भाजलेली माती. इंग्लंडच्या पावसातही तिची कोरीव धार मोडत नाही आणि तोच साचा परत वापरता येतो, त्यामुळे मूर्तिकाराकडून दगडात घडवून घेण्यापेक्षा खर्च कमी.

पण देखावा म्हणून सोडून देऊ नका हो. सोन गवंड्याचा मुलगा, बँक ऑफ इंग्लंडचा आर्किटेक्ट झालेला, आणि इथे मित्र नि गिऱ्हाइकं जेवायला यायची, तेव्हा घर हीच त्याची ओळख होती. खरी गंमत आत आहे. दारातून शिरलं की अरुंद, उंच जागा, उजेड वरून पडतो, आणि तिथून पुढे गेलात की ब्रेकफास्ट रूमचा उथळ घुमट, एकदम ऐसपैस वाटतं. खोल्या लहान आहेत हे जाणवतच नाही! आणि जुनं घर पाडताना दक्षिणेकडची विंग त्याने मुद्दाम ठेवली, कारण ती त्याच्या गुरूची, जॉर्ज डान्सची होती.

नळीची_कौलं:
सगळ्या व्हिला अशा अजिबात नव्हत्या. श्रॉपशरमधलं क्रॉनकहिल बघा, जॉन नॅश या आर्किटेक्टने १८०२ च्या सुमारास लॉर्ड बेरिकच्या कारभाऱ्यासाठी केलेलं. एक गोल बुरूज, एक चौकोनी, मध्ये कमानींची ओसरी, डावं-उजवं कुठेच जुळत नाही, क्लोद लोरँच्या चित्रातलं इटलीतलं घर उचलून ठेवल्यासारखं. मला तर सोनपेक्षा हेच जास्त आवडतं, कारण कुठूनही बघा, प्रत्येक बाजूने वेगळं दिसतं.

आणि बाहेरचा गुळगुळीत 'दगड' बघून फसू नका, बहुतेकदा आत वीटच असते. जेम्स पार्करने १७९६ ला रोमन सिमेंटचं (लवकर घट्ट होणाऱ्या सिमेंटचं) पेटंट घेतलं, त्यानंतर स्टको, म्हणजे विटांवरचा बाहेरचा गुळगुळीत गिलावा, सोपा झाला, गिलाव्यावर रेघा मारून दगडाचे सांधे दाखवायचे आणि बाथ शहराच्या दगडासारखा पिवळसर रंग द्यायचा. आज दिसतो तो पांढराशुभ्र ऑइलपेंट बहुतेक ठिकाणी नंतरचा. छप्पर कमी उताराचं ठेवता आलं ते वेल्सच्या पातळ स्लेटमुळे, कौलांना जास्त उतार लागतो.

ओसरी:
वा, धन्यवाद दोघांनाही! अजून एक, बऱ्याच व्हिलांमध्ये खिडकीच्या जागी नुसता कोनाडा असतो, तो खिडकीवरच्या करामुळेच ना?

विटांचा_थर:
दरवेळी नाही. कर होता खरा, १६९६ ते १८५१, आणि लोकांनी खिडक्या बुजवल्याही. पण पुष्कळदा तो कोनाडा पहिल्यापासूनच आंधळा असतो, आत धुराडं किंवा जिना आलेला असतो आणि बाहेरून रांग तुटू नये म्हणून खिडकीचा आकार ठेवतात. प्लॅनमध्ये त्या भिंतीमागे काय आहे ते तपासा, लगेच कळेल.

तसं बघितलं तर या काळातला मोठा बदल त्या कोनाड्यांपेक्षा जमिनीपर्यंतच्या खिडक्यांचा आहे. आधीच्या बऱ्याच घरांत मुख्य खोल्या उंच बेसमेंटच्या वर असायच्या, बागेत जायचं तर जिना उतरा. आता ड्रॉइंगरूम खाली आली, फ्रेंच विंडो (दारासारखी उघडणारी खिडकी) उघडली की थेट हिरवळ. मग तळघरातलं स्वयंपाकघर जाणार कुठे? ते बाजूच्या विंगमध्ये सरकलं आणि पाहुण्यांना दिसू नये म्हणून पुढे झुडपं लावली. म्हणून जुन्या प्लॅनमध्ये ती विंग आधी शोधा, नोकर कुठून ये-जा करायचे ते तिथेच सापडतं.