कुलूप उलटं बसवलं की हात अडखळतो: पिना खाली, पिना वर, लटकतं ताळं

खटका_पाच:
चावीशिवाय कुलूप उघडायचा (पिकिंगचा) सराव करतो आहे. नाइट लॅचचा ५ पिनांचा सिलिंडर वाइसमध्ये पिना वर ठेवून आता बऱ्यापैकी उघडतो. दाराचा जुना मॉर्टिस लॉक काढला, त्यातला युरो सिलिंडर सरावाला घेतला. त्यात पिना खाली आहेत. तिसरी पिन दर वेळी प्रमाणाबाहेर दबते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. गाभ्याला ताण द्यायची तीच पट्टी, पिना सरकवायचा तोच हुक. स्प्रिंगांना वरून-खालून काय फरक पडतो? फळीवर कोयंड्यात अडकवलेलं ताळं तर हातातच फिरून राहिलं. दोन्ही माझीच आहेत, वापरात नाहीत.

लोहाओळी:
स्प्रिंगांना काही फरक पडत नाही. पिनेचं वजन स्प्रिंगच्या जोरापुढे नगण्य. फरक तुमच्या हातात आहे.

पिना वर असतात तेव्हा हुक उचलावा लागतो. चावीच्या भोकाच्या तळावर टेकवून तरफेसारखा वापरता, म्हणून जोर बोटांतून मोजून जातो. पिना खाली आल्या की तेच काम दाबण्याचं होतं आणि मनगटाचं सगळं वजन हुकावर उतरतं. पिन दबायची तेवढी दबून पुढे जाते, म्हणजे जोडीतली चावीकडची पिन (दुसरी स्प्रिंगकडची) शिअर लाइन, म्हणजे फिरणारा गाभा आणि बाहेरचं घर यांच्यातली सीमा, ओलांडून घरात घुसते. तिसरीच का, तर बहुधा तीच आधी अडकत असेल. ताणाखाली जी अडकते तिच्यावरच आपण सगळ्यात जास्त जोर लावतो.

उपाय: तळहाताची कड वाइसवर किंवा दाराच्या फळीवर टेकवा, हुक पेन्सिलीसारखा धरा, हालचाल फक्त बोटांची. हुक ०.६ मिमी जाडीचा घ्या. सिलिंडर वाइसमध्ये कोपराच्या उंचीला बसवा. छातीच्या उंचीला बसवला की कोपर हवेत राहते आणि पुन्हा वजन हुकावर.

आता ताणाची पट्टी. इंग्रजीत शिकलेले ‘वरची पट्टी’, ‘खालची पट्टी’ म्हणतात, पण ती नावं पिना वर धरून पडलेली. कुलूप उलटं झालं की सगळा घोळ. सरळ ‘पिनांच्या बाजूची’ आणि ‘पाठीची’ म्हणा. पिना वर असताना पाठीची पट्टी भोकाच्या तळावर निवांत बसते. पिना खाली केल्या की तीच पट्टी छताला जाते, ताण जरा सैल झाला की हुकावर पडते. युरो सिलिंडरला म्हणून पिनांच्या बाजूची पट्टी लावा: साधारण १ मिमी जाड, आत जाणारा पाय ३-४ मिमी. पहिल्या पिनेला टेकता कामा नये, टेकला की ती पिन मोकळी कधी सापडणारच नाही. वायपरमधली पोलादी पट्टी घासून चालते.

गोकुळपेठी:
वरच्यात एक भर. समोरून पाहिलं तर कुलूप उलटं केल्यावरही उजवीकडे ते उजवीकडेच. म्हणजे त्याच दिशेनं ताण दिला तर पिना अडकण्याचा क्रम बदलत नाही, कारण तो पिनांच्या भोकांच्या बारीक तिरकसपणावर ठरतो, वर-खालीवर नाही. हाच सराव करा: एकच सिलिंडर वाइसमध्ये चार बाजूंनी बसवा (पिना वर, उजवीकडे, खाली, डावीकडे) आणि दर वेळी क्रम कागदावर लिहा. समजा पिना वर असताना ३-१-५-२-४ आला आणि खाली असताना १-३-५-४-२, तर कुलूप नाही बदललं बाप्पा, तुमचा ताण बदलला. पट्टीवरचं बोट उचलून अर्ध्या जोरानं पुन्हा करा.

पट्टी आडवी बाहेर निघाली असेल तर तिचं स्वतःचं आणि बोटाचं वजनही ताणात मिळतं. सरळ खाली लोंबली की मिळत नाही. हलक्या ताणाच्या कुलपात हे जाणवतं.

खटका_पाच:
क्रम खरंच वेगळा येऊन राहिला, म्हणजे ताण वेगळा. आणि लटकत्या ताळ्याचं?

लोहाओळी:
त्यात पिना बहुतेक आडव्या असतात आणि भोक जमिनीकडे. ताण दिला की प्लगऐवजी (फिरणाऱ्या गाभ्याऐवजी) अख्खं ताळं कडीवर फिरतं. ताण देणाऱ्या हाताची अनामिका आणि करंगळी ताळ्याच्या अंगाला मागून लावून ते कोयंड्याकडे ओढून धरा, अंगठा किंवा तर्जनी पट्टीवर. सुरुवातीला कोयंडा आणि ताळ्याच्या मध्ये कापडाची घडी खुपसली तरी चालेल. पाहायला वाकू नका. पिना पुढून मागे बोटांनी मोजायच्या असतात. शटरच्या तळाच्या कुलपाला तर दिसण्याचा प्रश्नच नाही.

गोकुळपेठी:
वर म्हटलं, वजनानं फरक पडत नाही. एका ठिकाणी पडतो, आणि पूर्ण पडतो: स्प्रिंग मेली असेल तेव्हा. पिना वर असतील तर वरची पिन वजनानंच खाली येते, कुलूप चालतच राहतं, कोणाला पत्ता लागत नाही. पिना खाली असतील तर दोन्ही पिना घरात घसरतात, चावीकडची पिन शिअर लाइनवर आडवी राहते आणि स्वतःच्या चावीनंही कुलूप फिरत नाही. सिलिंडर काढा, उलटा धरा, टिचकी मारा आणि चावी फिरवा. उलटं फिरलं आणि सुलटं नाही फिरलं तर ती स्प्रिंग गेली. पिकिंग करून तासभर डोकं फोडण्याआधी ही परीक्षा करा. सिलिंडर काढायला दाराच्या कडेचा एम-५ स्क्रू काढायचा, चावी घालून जीभ (मधला फिरणारा दात) अंगाच्या सरळीत आणायची आणि ओढायचं.

दुसरं म्हणजे आपल्याकडची धूळ. पिना खाली असल्या की भोकात शिरलेली धूळ थेट पिनांच्या भोकांत उतरते, वर असल्या तर तळाला पडून राहते. नवतप्याच्या आधीच कोरडं ग्रॅफाइट फुंकून टाका. स्वयंपाकाचं किंवा शिलाई मशीनचं तेल घालू नका. त्यात धूळ मळल्यासारखी होते, मग पिना सुस्त परततात आणि तुम्ही त्याला ‘खटका लागला’, म्हणजे पिन बसली, समजता.

लोहाओळी:
स्प्रिंगचं बरोबर, माझ्या लेखी सुटलं होतं.

युरो सिलिंडर उघडल्यावर अजून एक: प्लगला पुरा फेरा द्यावा लागतो, आणि १८० अंशांवर भोकाची पाठ पिनांसमोर येते. चावी असते तेव्हा ती जागा भरलेली असते. पिकनं उघडल्यावर ती रिकामी असते, मग घरातल्या पिना उडी मारून त्या फटीत येतात आणि प्लग अडकतो. जोर लावू नका. पातळ पट्टी भोकाच्या त्या कडेनं आडवी सरकवा, पिना दाबून धरा, मग पुढे फिरवा.