चिनी भाषेत 'वस्तुमान' आणि 'गुणवत्ता' यांना एकच शब्द कसा?

प्रश्न

नमस्कार. मी भौतिकशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी असून गेली दोन वर्षे चिनी भाषा शिकत आहे. एचएसके या चिनी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेच्या चौथ्या पातळीसाठी 'झीलियांग' हा शब्द मी 'गुणवत्ता' या अर्थाने पाठ केला होता आणि कापडाची गुणवत्ता, शिक्षणाची गुणवत्ता अशा वाक्यांत तो नेमका बसत असे. आता शालेय भौतिकशास्त्राचे चिनी पुस्तक वाचायला घेतले, तर 'वस्तूची झीलियांग २ किलोग्रॅम आहे' असे वाक्य समोर आले. शब्दकोशात दोन्ही अर्थ एकाखाली एक दिले आहेत, पण त्यांचा परस्परसंबंध सांगितलेला नाही. हे दोन वेगळे शब्द योगायोगाने सारखे झाले आहेत, की मुळात शब्द एकच आहे? शिवाय वजनासाठीचा शब्दही कानाला जवळजवळ तसाच वाटतो आणि ऐकताना माझा गोंधळ होतो.

पहिले उत्तर

शब्द एकच आहे आणि दोन्ही अर्थांना चिन्हेही तीच आहेत. (उच्चाराविषयी जाणकारांनी लिहावे, मी आपले लेखन तसेच ठेवतो.) पहिल्या चिन्हाचा अर्थ 'द्रव्य' असा होतो, तसाच 'मूळ स्वरूप, गुण' असाही होतो, भौतिकशास्त्रातील 'द्रव्य' या संज्ञेत, म्हणजे 'वू-झी' या शब्दात, हेच चिन्ह आहे. दुसरे चिन्ह 'लियांग' म्हणजे मात्रा किंवा परिमाण. म्हणून भौतिकशास्त्रात हा शब्द 'द्रव्याची मात्रा' असा वाचावा. न्यूटनने १६८७ च्या 'प्रिन्सिपिया'त पहिलीच व्याख्या द्रव्याच्या परिमाणाची दिली आहे, आणि ते घनता व आकारमान या दोहोंवरून ठरते असे म्हटले आहे. आपला 'वस्तुमान' हा शब्दही वस्तू आणि मान असाच घडलेला आहे, त्यामुळे मराठीतून शिकणाऱ्याला ही संज्ञा मुळीच परकी वाटू नये.

वाक्यात अर्थ ओळखण्याची एक खूण मला फार उपयोगी पडली. झीलियांग 'मोठी' किंवा 'लहान' म्हटली असेल, तर ते वस्तुमान. 'चांगली' किंवा 'वाईट' म्हटली असेल, तर ती गुणवत्ता. तैवानमध्ये गुणवत्तेसाठी सहसा 'फिन' या अक्षराने सुरू होणारा वेगळा शब्द वापरतात, त्यामुळे तेथे हा प्रश्न फारसा उद्भवत नाही.

'लियांग' मात्र नीट लक्षात ठेवावा. ऊर्जेच्या शब्दात तो आहे, आणि संवेगाच्या शब्दात तर 'गती' अधिक 'मात्रा' अशी सरळ जोडणी आहे. न्यूटनची दुसरी व्याख्या गतीच्या परिमाणाचीच आहे. आपल्याकडे 'संवेग' या शब्दात 'वेग' ऐकू येतो आणि अनेक विद्यार्थी त्याला वेगाचाच एक प्रकार समजतात. या बाबतीत चिनी संज्ञा मला अधिक स्वच्छ वाटते.

दुसरे उत्तर

उच्चाराविषयी लिहितो. पिनयिनमधील, म्हणजे चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीतील, पहिली दोन अक्षरे पाहून आपण सारेच 'झी' म्हणतो, पण तो उच्चार चुकीचा आहे. हे व्यंजन अघोष (कंठात नाद नसलेले) आणि अल्पप्राण (श्वासाचा जोर नसलेले) आहे. जीभ 'ट' म्हणताना जेथे टेकते तेथे नेऊन 'च' म्हणण्याचा प्रयत्न करावा. पुढचा स्वरही 'ई' नव्हे. जीभ तशीच वर ठेवून आवाज लांबवला की तो मिळतो. वजनाचा शब्द साधारण 'चुंग-ल्यांग' असा आहे आणि त्याचे पहिले व्यंजन हेच आहे. दोन्ही शब्दांतील दोन्ही अक्षरे चौथ्या, म्हणजे उंचावरून झपाट्याने खाली येणाऱ्या, सुरात असल्यामुळे सुरावरून फरक कळणार नाही. 'चुंग'मध्ये ओठ गोल होतात आणि शेवटी नाकातला ध्वनी येतो, तेवढाच ऐकावा.

संवेगाच्या शब्दाचे सूरही तेच आहेत, आणि तेथे रोमन 'डी' दिसला तरी उच्चार 'तुंग-ल्यांग'च्या जवळ जातो. त-थ, प-फ हा भेद आपण बालपणापासून पाळतो, म्हणून रोमन अक्षरांवर विसंबण्यापेक्षा देवनागरीत टिपणे ठेवणे मला अधिक विश्वासार्ह वाटते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मोठी-लहान आणि चांगली-वाईट ही खूण पुस्तकातील वाक्यांना लावून पाहिली आणि ती प्रत्येक ठिकाणी लागू पडली. 'जडत्व' या संज्ञेची घडणही अशीच सांगता येईल का?

पहिले उत्तर देणारे

अवश्य. तो शब्द 'क्वान-शिंग' असा आहे. पहिले चिन्ह 'सवय' या अर्थाच्या नेहमीच्या शब्दातले आणि दुसरे 'स्वभावधर्म' या अर्थाचे, म्हणजे वस्तूला जडलेली सवय: थांबलेली असेल तर थांबून राहण्याची, चालत असेल तर त्याच वेगाने सरळ रेषेत चालत राहण्याची. 'जडत्व' या शब्दात जडपणा, म्हणजे वजन, ऐकू येते आणि चालत राहण्याची बाजू झाकली जाते. चिनी शब्दात दोन्ही बाजू सारख्याच दिसतात.