मदत हवी आहे : इम्प्लांटचा सुरक्षित आकार कसा ठरवावा?

नमस्कार. मी सोलापूरची, वय ३६. दोन मुलांच्या स्तनपानानंतर स्तनांचा भरीवपणा पुष्कळ कमी झाला, म्हणून बराच विचार करून सिलिकॉन इम्प्लांट बसवून घेण्याचे मी ठरवले आहे. येथील प्लास्टिक सर्जननी छातीची मापे घेऊन २५० ते २७५ सीसी (घनसेंटिमीटर) आकारमानाचे इम्प्लांट सुचवले, तर पुण्यातील दुसऱ्या डॉक्टरांनी, मी मोठा आकार मागितला नसतानाही, ३५० सीसी घालता येईल असे सांगितले, आणि तेव्हापासून माझ्या मनाची घालमेल सुरू आहे.

माझ्या स्तनाच्या तळाची रुंदी ११.५ सेंटिमीटर असून वरच्या बाजूची त्वचा चिमटीत जेमतेम २ सेंटिमीटर येते. इम्प्लांट या रुंदीपेक्षा मोठे असल्यास त्याची कड हाताला लागू शकते, सुरकुत्या दिसू शकतात आणि वजनामुळे त्वचा ताणून स्तन कालांतराने खाली सरकू शकतो, हे मला पटले आहे. नुसत्या सीसीच्या आकड्यावर मात्र माझा विश्वास बसत नाही, कारण तेच २७५ सीसी कमी उभाराच्या इम्प्लांटमध्ये रुंद आणि जास्त उभाराच्या इम्प्लांटमध्ये अरुंद असतात.

ज्या भगिनींची त्वचा अशीच पातळ होती, त्यांनी कोणता आकार निवडला आणि इम्प्लांट स्नायूखाली बसवले का, हे कृपया सांगावे. मी टॉवेल कारखान्यात दिवसभर हात वर करून काम करते, त्यामुळे स्नायूखालच्या इम्प्लांटनंतर किती आठवड्यांनी कामावर परतता आले, हेही कळवावे. शिवाय पाच-सहा वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफीने तपासणी करावी लागते. ती कोणी सोलापुरातच करून घेतली आहे का?