मदत हवी आहे : कागदी शेवंतीचा झेंडू होतो आणि कुंडीतली शेवंती फुलत नाही

नमस्कार.

मी नाशिकला गंगापूर रस्त्यावरील एका इमारतीत पहिल्या मजल्यावर राहते. येत्या भाद्रपदात गौरींपुढील आराशीसाठी पिवळ्या शेवंतीची पन्नासेक कागदी फुले स्वतः करावीत असे ठरवले आहे. आता मार्गशीर्ष सुरू असल्याने हाताशी वेळ भरपूर आहे, परंतु पहिल्या दहा फुलांतच माझे घोडे अडले आहे.

क्रेप कागदाची सहा सेंटिमीटर रुंद आणि हातभर लांब पट्टी घेऊन तिच्या एका कडेने बारीक उभे काप दिले आणि दुसऱ्या कडेला खळ लावून ती तारेभोवती गुंडाळली. कागदाच्या चुण्या पाकळीच्या लांबीच्या दिशेने ठेवल्या, कारण आडव्या चुण्यांची पाकळी ओढली की रबरासारखी लांबते आणि मान टाकते, हे दोन पट्ट्या वाया घालवून कळले. तरीही फूल दाढीच्या ब्रशासारखे ताठ दिसते, आणि पाकळ्या बाहेर वळवल्या की त्याचा थेट झेंडू होतो. ‘दसऱ्याला दाराला लावता येतील,’ असा नणंदबाईंचा अभिप्राय आहे.

खरे फूल समोर ठेवून पाहावे, तर बाजारात वजनावर मिळणारी फुले टोपलीत दबून मधोमध चपटी झालेली असतात. घरच्या कुंडीतल्या शेवंतीला कळीच धरत नाही. पंचवटीतील आमच्या जुन्या घराच्या अंगणातून काशी, म्हणजे झाडाच्या बुंध्याशी फुटलेला कोंब, आणून मी ती ज्येष्ठात लावली. तिथली मूळ झाडे कार्तिकापासून फुलांनी भरली आहेत. माझे झाड मात्र गुडघ्याएवढे वाढून नुसते हिरवेगार उभे आहे. माती आणि शेणखत तिथलेच आहे, सकाळी नऊपासून दुपारी दोनपर्यंत ऊन मिळते, पाण्याचा निचरा चांगला होतो, आणि श्रावणात दोनदा शेंडेही खुडले होते. फरक एकच दिसतो, तो म्हणजे गॅलरीसमोरचा रस्त्याचा दिवा. त्याचा उजेड इतका आहे की रात्री कुंडीजवळ बसून वर्तमानपत्र वाचता येते. दिव्यामुळे फुलणे थांबते काय, आणि कागदात पाकळ्यांची ठेवण कशी साधावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद :

ताई, दिव्यावरचा आपला संशय रास्त आहे. शेवंतीला कळी धरण्यासाठी लांब आणि अखंड अंधाराची रात्र लागते. मध्यरात्री थोडा वेळ उजेड पडला तरी झाडाच्या लेखी ती रात्र मोडते. फुले उशिरा हवी असली की बागाईतदार मुद्दाम रात्री दिवे लावतात, तेच आपल्याकडे फुकटात होत आहे. सध्या नाशिकला दिवस जेमतेम ११ तासांचा असल्यामुळे केवळ दिवा टाळणे पुरेसे ठरेल. संध्याकाळी सहाला कुंडीवर मोठे खोके उपडे घालावे, सकाळी सातला काढावे, आणि शक्यतो एकही रात्र चुकवू नये. साधारण तीन-चार आठवड्यांत कळ्या दिसू लागतील. त्यांना रंग येईपर्यंत हा क्रम चालू ठेवावा. आता शेंडे मात्र खुडू नयेत, नाहीतर कळ्याच खुडल्या जातील.

शेवंतीचे एक फूल म्हणजे खरे तर अनेक लहान फुलांचा गुच्छ असतो. आपण जिला पाकळी म्हणतो ते एकेक स्वतंत्र फूल असून ती बाहेरून आत क्रमाने उमलतात, म्हणून मधल्या पाकळ्या आखूड आणि आत वळलेल्या असतात. एकाच रुंदीच्या पट्टीत हे येणार नाही. दोन, चार आणि सहा सेंटिमीटर रुंदीच्या तीन पट्ट्या घ्याव्यात, पाकळ्यांची टोके गोलसर कापावीत, आणि तळाची कड एका पातळीत ठेवून सर्वांत अरुंद पट्टी आधी गुंडाळावी. विणकामाच्या सुईवर आतल्या पाकळ्या आत आणि अगदी कडेच्या तेवढ्या बाहेर वळवाव्यात. खळीच्या ओलाव्याने क्रेपच्या चुण्या सुटतात, त्याऐवजी फेव्हिकॉलचा अगदी पातळ थर लावावा. भाद्रपदातील दमट हवेतही फुले सैल पडतात, तेव्हा गौरी यायच्या आदल्या रात्रीपर्यंत ती घट्ट झाकणाच्या डब्यातच राहू द्यावीत.